अक्काला कागदावर बसवताना

माझं उभं आयुष्य रेघ सारखी ठेवण्यात गेलं. बेंगळुरातल्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांची मापांसकट चित्रं काढणारा माणूस. आमच्या खात्यात रेघ सुरुवातीला जेवढी जाड, तेवढीच मध्ये आणि तेवढीच शेवटी असावी लागे. साहेब ट्रेसिंगचा कागद खिडकीच्या काचेला लावून भिंगातून बघायचे. रेघ कुठे जराशी फुगलेली दिसली की एक शब्द न बोलता ब्लेड पुढे करायचे. मग त्या ब्लेडने वाळलेली शाई हलक्या हाताने खरवडायची, जागा नखाने घासून गुळगुळीत करायची आणि रेघ पुन्हा ओढायची. पहिल्या वर्षी मी जेवढं काढलं त्याहून जास्त खरवडलं असेन. पुढे साहेब माझा कागद भिंगाखाली धरेनासे झाले. नोकरीत मला मिळालेला सगळ्यात मोठा मान तो, असं मी आजही समजतो.

नंतर संगणक आले, टेबलं गेली, मीही निवृत्त झालो. पण माझी पाच पेनं मी घरी आणून मखमली डबीत जपून ठेवली आहेत. त्या प्रत्येक पेनाला निबेच्या जागी एक बारीक नळी असते आणि ती नळी एकाच जाडीची रेघ काढते. जाड रेघ हवी असेल तर पेन बदलायचं. हाताच्या मर्जीवर काही सोडायचंच नाही. ही व्यवस्था मला फार आवडायची.

गेल्या वर्षी अक्काने ती मोडीत काढली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून साडेबारा वर्षांनी मोठी. ती स्वतः तेरा सांगते. आमचं घराणं इकडे कधी आलं ते आता कुणाला नक्की सांगता येत नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असं पिढ्यान् पिढ्या चाललं आहे, आणि दार उघडंच असल्यामुळे कन्नड केव्हाच आत येऊन बसली आहे. अक्का टेलिफोन खात्यात होती. तिने लग्न केलं नाही. मी दीड वर्षाचा असताना आई गेली आणि मी अक्काच्या कडेवर आलो, तो बराच काळ खाली उतरलोच नाही. आता मल्लेश्वरमच्या घरात आम्ही दोघंच असतो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी महादेवपुऱ्याला राहते, आणि तिथून आमच्याकडे यायचं तर तिला प्रवासाला निघाल्यासारखं निघावं लागतं.

आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, फोटो आहे. त्याला चंदनाचा हार आहे. त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा आहे. अप्पांचा फोटो लावला त्या दिवशी अक्काने दोन खिळे ठोकून घेतले होते, एक अप्पांसाठी आणि एक आईसाठी. पण आईचा फोटो कुठेच नव्हता. अप्पा म्हणे दरवर्षी म्हणायचे की यंदा दसऱ्याला स्टुडिओत जाऊन काढू, आणि तो दसरा काही आला नाही. मी एकदा त्या खिळ्याला छत्री अडकवली होती. अक्काने ती काढून माझ्या हातात दिली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तर गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक बाई वारल्या. अक्काची रोजची बोलाचालीची मैत्रीण. बाराव्याला आम्ही दोघं गेलो. तिथे हारामागे त्या बाईंचा फोटो ठेवला होता, कुठल्यातरी ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा करून आणलेला. चेहरा फुगलेला, डोळे वटारलेले. आम्ही घरी आलो. चपला काढता काढता अक्का म्हणाली, "जन्मभर खिदळली बिचारी. आणि शेवटी भिंतीवर कशी? पोलिसांनी धरून आणल्यासारखी."

"असतं ग एखाद्याचं," मी म्हणालो.

"एखाद्याचं काय? माझंही तेच होणार. तुम्ही माझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करणार. तो बघितलास तू? त्यात मी कुणाला तरी चावायला निघाले आहे."

हे खरं होतं. कॅमेरा समोर आला की अक्काचा चेहरा दगड होतो. मुलीने फोनवर शेकडो फोटो काढून पाहिले, एकातही अक्का नाही.

"तू चित्रंच काढायचास ना ऑफिसात?" अक्का म्हणाली. "मग माझं काढ. मला जिवंतपणी पसंत पडेल असं. पसंत पडलं तर तो खिळा माझा. नाहीतर काही लावू नका, रिकामा राहू दे."

"अक्का, मी गिअरची चित्रं काढली."

"मग? गिअरपेक्षा मी अवघड आहे?"

त्या वेळी मला वाटलं, नाही. मी जरा चढूनच गेलो म्हणा ना. दुसऱ्याच दिवशी टेबल पुसलं, डबी उघडली, पेनं धुतली, आणि आठवडाभर खपून अक्काचं चित्र काढलं. आमच्या पद्धतीने काढलं. आमच्यात कुठलीही वस्तू एका बाजूने काढून भागत नाही, ती समोरून, बाजूने आणि वरून, अशी तिन्हीकडून दाखवावी लागते. बाहेरची कड जाड, मापं बारीक, आणि जो भाग दिसत नाही पण आहे तो तुटक रेघेने. मी अक्काला चष्मा लावून कागदासमोर बसवलं.

तिने बराच वेळ बघितलं. "हे मधलं काय?"

"समोरून तू."

"माझ्या डोक्याला टाके कुणी घातले?"

"टाके नाहीत ते. तो अंबाडा. मागे आहे, समोरून दिसत नाही, म्हणून तुटक."

"आणि ही रहाटाची चाकी कसली?"

"तो वरून अंबाडा."

"वरून मला कावळ्याशिवाय कोण बघणार आहे?" असं म्हणून ती उठली. मग दारातून मागे वळून म्हणाली, "नाक मात्र बरोबर आहे हं." माझी समजूत काढायला म्हणाली हे मला कळलं, आणि मला जास्तच राग आला.

मुलीला फोनवर हे सगळं कळलं तेव्हा ती इतकी हसली की जावयाने तिच्याकडून फोन घेतला. पण मुलगी हसून थांबणाऱ्यातली नाही. संध्याकाळपर्यंत तिने मला इंदिरानगरच्या एका वर्गात घालून टाकलं. दर रविवारी सकाळी दोन तास, नवशिक्यांसाठी पेनचित्र. नवशिक्यांसाठी! मी तिला म्हणालो की माझ्या हाताखाली अकरा जण शिकून गेले. ती म्हणाली, "म्हणूनच, बाबा."

मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून मी गेलो. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर वर्ग होता, खालून पावाचा वास यायचा आणि नऊ वाजल्यापासून भूक लागायची. बाकीचे सगळे पंचविशी-तिशीचे, आठवडाभर संगणकासमोर बसून रविवारी हात मोकळा करायला आलेले. शिकवणारी मुलगीही तिशीचीच, निपाणीकडची. माझं नाव ऐकून ती मराठीत बोलायला लागली, आणि मला काका म्हणू लागली.

तिने प्रत्येकाला एक टाक दिला. लाकडी दांडा, पुढे मधोमध चिरलेली पोलादी निब, आणि शेजारी शाईची दौत. टाक मी शाळेनंतर हातात धरला नव्हता. ती म्हणाली, निब दाबली की तिच्या दोन फाका होतात आणि रेघ जाड उतरते. दाब काढला की फाका मिटतात आणि केसासारखी बारीक होते. तर आज फक्त एवढंच. पानभर रेघा. बारीक सुरू करायची, मध्ये जाड करायची, शेवटी बारीक करून सोडून द्यायची.

अर्ध्या तासाने ती पानं बघत फिरली. पोरांच्या रेघा वाकड्यातिकड्या, पण कुठे फुगलेल्या, कुठे निमुळत्या. माझ्या चाळीस रेघा काटेकोर समांतर आणि शेवटपर्यंत एकाच जाडीच्या. टाकाने तशी रेघ काढणं खरं तर जास्त अवघड आहे, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"काका, दाबा की जरा," ती म्हणाली.

मी दाबली. रागाने दाबली, आणि तीही खालून वर ढकलत. निब कागदात रुतली, सुटली, आणि शाईचा एक फवारा शेजारच्या पोराच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. "चिल, अंकल," तो पोरगा म्हणाला. मी आयुष्यात इतका शरमलो नव्हतो.

घरचा अभ्यास होता घरातली एखादी वस्तू जाड-बारीक रेघांत काढणे. मी आमचा कॉफीचा फिल्टर काढला. आणि आता कबूल करतो, लबाडी केली. टाक बाजूला ठेवून माझी पेनं काढली. जाड रेघेला जाडं पेन, बारकीला बारीक. आतली भोकांची चकती बाहेरून दिसत नाही म्हणून ती तुटक रेघेने. बाजूला उंची आणि व्यास. वर्गात एकदम वाहवा झाली. दोघा-तिघांनी फोटो काढले, एकाने तर विचारलं की हे छापून मिळेल का. शिकवणारी मुलगी मात्र कागद हातात घेऊन हसत उभी राहिली.

"काका, हा फिल्टर बघून दुसरा फिल्टर तयार करता येईल. पण तुम्ही पेन बदलून केलंसा. हात कुठं बदलला?"

मग तिने माझ्यासमोर तोच फिल्टर टाकाने काढला. दोन मिनिटंही लागली नाहीत. जिकडून उजेड येतो तिकडची कड अगदी बारीक, एके ठिकाणी तर रेघ सोडूनच दिलेली. सावलीकडची जाड. आणि फिल्टर टेबलावर जिथे टेकतो, तिथे सगळ्यात जाड. "वजन जिथं टेकतं तिथं दाबायचं, काका. उजेड जिथं पडतो तिथं सोडायचं. एवढंच हाय." तिचा फिल्टर वाकडा होता, झाकण तर चक्क लंबुळकं. पण तो टेबलावर बसलेला होता. माझा हवेत तरंगत होता. हे मला दिसलं, आणि दिसलं हेच मला आवडलं नाही.

तरी मी जात राहिलो, कारण घरी अक्का दर रविवारी दारात विचारायची, "झालं का माझं तोंड?" मी पानंच्या पानं भरली. नोव्हेंबरमध्ये तिला खुर्चीत बसवून टाकाने काढायला घेतलं. अक्का बसली की कॅमेऱ्यासमोर बसावी तशी ताठ, ओठ मिटलेले. मी एकेक सुरकुती मोजून घेतली. एवढा वेळ दिल्यावर एकही सोडायला मन होईना. अशी चार चित्रं झाली, आणि चारही अक्काने नापास केली. चौथं बघून म्हणाली, "ह्यात रस्ते फार आहेत रे, माणूस नाही." मी ते वर्गात नेलं. शिकवणाऱ्या मुलीने ते लांब धरलं, जवळ धरलं आणि जपून म्हणाली, "काका, सगळ्या रेघा सारख्याच मोठ्यानं बोलायल्यात. कुणाचं ऐकावं कळंना."

माझा तोल गेला. मी म्हणालो, ह्या हाताने काढलेल्या कागदांवरून यंत्रं उभी राहिली आहेत, एक केसाची चूक निघाली नाही, आणि तुम्ही मला रेघ शिकवणार! दौतीचं झाकण घट्ट लावलं, टाक टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो. बेकरीतून खोबरं भरलेलं गोड दिलपसंद घेतलं आणि मेट्रोत बसून एकट्याने संपवलं. वाईट वाटत होतं. शिकवणाऱ्या मुलीला बोललो याचं वाईट होतंच, पण त्याहून जास्त याचं की अक्का ब्याऐंशीची झाली होती आणि तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट मला देता येत नव्हती.

पुढचे दोन रविवार मी घरीच राहिलो. अक्काने पहिल्या रविवारी काही विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी तिने माझ्यासमोर भिजवलेल्या अवरेकाईच्या दाण्यांचं पातेलं आणून ठेवलं.

डिसेंबर आला की बेंगळूर अवरेकाईने भरून जातं. पुण्या-मुंबईकडे वालाच्या डाळिंब्या सोलतात तसलंच हे काम. शेंगांतले दाणे काढून पाण्यात भिजवायचे, आणि मग एकेक दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबायचा. साल चिमटीत राहते, आतला गुळगुळीत दाणा सटकन बाहेर पडतो. अक्काच्या हाताखालून ते शेकड्याने पडतात. मला हे काम तिने कधी दिलं नव्हतं. मी बसलो, एक दाणा घेतला, दाबला. भुगा झाला. दुसरा कमी दाबला, निघालाच नाही. मग दाबाचा अंदाज घेऊन तोच दाब मी सगळ्यांना द्यायला लागलो, एकसारखा, पद्धतशीर. निम्मे चेंगरले, निम्मे तसेच राहिले, आणि एक अप्पांच्या फोटोवर जाऊन आपटला.

"अय्यो! साकु, साकु, पुरे," अक्का म्हणाली. "अरे, सगळ्यांना एकच दाब कसा चालेल? एखादा कोवळा असतो, एखादा जून असतो. स्वल्प दाब. सरकला असं बोटाला कळलं की सोड."

"किती दाबायचं ते सांग ना."

"ते काय सांगायचं? कळतं."

मी तिच्या हाताकडे बघत बसलो. ती मान खाली घालून कामात होती. दाबत होती, सोडत होती. अंगठ्याचं पेर जिथे जोर लावायचं तिथे पांढुरकं व्हायचं आणि लगेच पुन्हा मूळ रंगावर यायचं. मी उठलो, हात पुसले, घरचा टाक आणि दौत घेतली आणि तिचे हात काढायला लागलो. चित्र काढायचं म्हणून नव्हे. ती दाबते तेव्हा आपणही दाबून बघू, सोडते तेव्हा सोडू, एवढंच डोक्यात होतं. पाच-सहा रेघांनंतर माझ्याच बोटांना काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. अंगठ्याखालची रेघ जाड झाली, पेरावर येता येता बारीक झाली, आणि नखापाशी तिची तीच संपली. मी ओढून नेली नव्हती. त्या दिवशी मी अठ्ठावीस अंगठे काढले. स्वयंपाक अक्कानेच केला आणि दाणे कमी पडले म्हणून मला बोलणीही बसली.

पुढच्या रविवारी मी कागदांची गुंडाळी आणि अवरेकाईच्या आमटीचा डबा घेऊन इंदिरानगरला गेलो. माफी मागायची मला सवय नाही. मी डबा पुढे केला आणि म्हणालो, "अक्काने दिलाय." तिने डबा घेतला, मग कागद उलगडले. सगळे टेबलावर पसरले. मग एका अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "काका, ह्यो दाबायलाय." मी म्हणालो, "हो." मला त्या वयात इतका आनंद झाला की मी शाई उडालेल्या त्या पोरालाही आमटी वाढली.

चेहऱ्याला हात घालायचं धाडस मात्र संक्रांत होऊन गेल्यावर केलं. अवरेकाईचे शेवटचे दिवस होते. अक्का बाहेरच्या खोलीत खिडकीशी पातेलं घेऊन बसली होती. मी तिला बस असं म्हणालो नाही, वर बघ म्हणालो नाही, बाजूला बसून काढायला लागलो. तिला कळलं होतं, पण हातातलं काम सोडून ताठ बसायला ती तयार नव्हती, आणि मला तेच हवं होतं. खिडकीकडच्या गालावर सकाळचं ऊन होतं. तिथे मी इतकी हलकी रेघ ओढली की मध्येच शाई संपून ती तुटली. माझा हात शिवशिवला. सांधावी का? साहेब असते तर ब्लेड पुढे केलं असतं. मी टाक दुसऱ्या बाजूला नेला. सुरकुत्या काढल्याच नाहीत. त्या उन्हात मला दिसत नव्हत्या, मग खोटं कशाला काढायचं. हनुवटीखाली, मानेशी आणि खाली घातलेल्या पापणीवर मात्र दाबलं. तासाभरात झालं. मापं नाहीत, मध्यरेषा नाही, आणि पाठीमागचा अंबाडा मी चक्क विसरलो होतो.

अक्काने हात धुतले, चष्मा पुसला आणि कागद घेऊन खिडकीशी गेली. तिने तो उजेडात धरला, अगदी साहेब धरायचे तसा. मी पायांचा आवाजही न करता उभा राहिलो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, ब्लेडची वाट बघत.

ती खिडकीपासून वळली. मग कागद तसाच हातात घेऊन आत देवघरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. मला काही कळायच्या आत तिने बोट बुडवून माझ्या चित्राच्या कपाळावर हे एवढं रुपयाएवढं कुंकू टेकवलं.

"अक्का! शाई ओली आहे!" मी ओरडलो.

"गप रे," ती म्हणाली. "आई बिनकुंकवाची कधी दिसली आहे का?"

"कोण आई?"

"कोण म्हणजे? तुझी." ती खुर्चीत बसली. "मी कामात मान खाली घातल्यावर कशी दिसते, ते मी कुठे बघितलं आहे? आरशात माणूस वर बघतो. तिला मात्र तशीच बघायची मी. शाळेतून आले की इथेच बसलेली असायची, ह्याच खिडकीत, मांडीवर सूप घेऊन." तिने बोटाला राहिलेलं कुंकू पदराला पुसलं. "किती वर्षं झाली, मला तिचा चेहरा आठवेनासा झाला होता रे. तुला सांगितलं नाही. तुला काय सांगणार, तू तर बघितलीच नाहीस."

मी लहानपणी अक्काला शंभरदा विचारलं असेल, आई कशी होती. ती म्हणायची, चांगली होती. पुढे मी विचारायचं सोडून दिलं. आता अक्काने कागद माझ्या हातात दिला. गालावर तुटलेली रेघ, खाली गेलेली पापणी, कपाळावर ओलं कुंकू, त्याचा एक कण नाकावर पडलेला. माझी आई मी पहिल्यांदा बघत होतो. मी रडलो. अक्काने मला रडू दिलं, आणि मग पदराने माझाच चष्मा पुसून मला परत घातला, उलटा.

फ्रेम मुलीने करून आणली. अप्पांशेजारच्या खिळ्यावर अक्काने चित्र स्वतः लावलं, खुर्चीवर चढून, माझं काही एक न ऐकता. मी खुर्ची धरून उभा होतो. लांबून बघितलं तर फ्रेम उजवीकडे दोन मिलिमीटर खाली होती. मी बोललो नाही.

"आणि तुझं?" मी विचारलं. "खिळा तर गेला."

अक्का खाली उतरली आणि भिंतीकडे बघत राहिली. "आईच्या पलीकडे जागा आहे की. तिथे ठोक एक. आणि ह्या खेपेला अंबाडा विसरू नको. पण टाके नकोत."

मी पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. उंची मोजून घ्यायला पट्टी आणायला निघालो, तेव्हा ती मागून म्हणाली, "घाई नाही रे. आधी वर्गाला जा, अजून शिक."

मी दर रविवारी जातो.